नायकाआधी जगाला कळलं

नेरजवळच्या बंजाऱ्यांच्या एका तांड्यात धरमसिंगची पिठाची चक्की. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक राखी कॉलेजात, आणि चक्की थांबली की घर खायला उठायचं. कापसाच्या भावानं माणसं आधीच कावलेली, त्यात कोणापुढे तोंड उघडायचं, की बाबा रे, मला पुन्हा लग्न करायचंय? म्हणून गड्यानं गुपचूप मोबाईलवर, दुसरी लग्नं जुळवणाऱ्या एका वेबसाइटवर खातं उघडलं. बायको कशी पाहिजे, तिथं लिहिलं: 'माझ्या पोरीला माया लावणारी. बाकी मी चालवून घेईन.'

आणि घ्या, ती वेबसाइटच फुटली! कोण्या चोरट्यानं साऱ्यांची खाती चव्हाट्यावर मांडली. नाव, वय, फोन, लिहिलेलं, सगळं. बघता बघता ते तांड्याच्या व्हॉट्सॲपवर आलं. दळण घेऊन आलेल्या बाया पदराआड हसायच्या, पोट्टे नवरदेव म्हणायचे. हसोत मेले, त्याचं धरमसिंगला काही नव्हतं. पण राखी सकाळपासून त्याच्याशी बोलली नव्हती, ते मात्र जिव्हारी लागलं. आईची जागा बाप दुसरीला देतोय असं पोरीला वाटत असेल, तर चुलीत गेलं ते लग्न, असं त्यानं ठरवूनच टाकलं.

सांजेला तांड्याच्या प्रमुखानं, खेमसिंग नायकानं, बोलावणं धाडलं. तांड्याची रीत अशी, की सोयरिकीची गोष्ट पहिल्यांदा नायकाच्या कानावर घालायची. लग्नाला नायकाची ना नव्हतीच, राग वेगळाच होता.

"साऱ्या जगाले सांगतलं, अन् मले नाही?"

धरमसिंगनं कान पकडले. चुकलं म्हणाला, आणि लग्नाचंही राहू द्या म्हणाला. तेवढ्यात जमलेल्या माणसांतून राखी पुढं आली. झालं होतं असं, की बाप फोन घरीच विसरून चक्कीवर गेलेला, आणि टवाळांच्या फोनांमध्ये एक फोन बाभुळगावकडच्या बिजलीबाईचा आला. तीही विधवा, तिचंही खातं फुटलेलं. धरमसिंगनं लिहिलेलं वाचून तिनं फोन केला होता. राखी तिच्याशी दुपारभर बोलत बसली.

"रात्री तुमचं लिहिलेलं वाचलं, बा, अन् लई रडली मी. तुमच्यासमोर तोंडातून शब्द निघून नाही राह्यला," राखी म्हणाली. "ते बाई मले आवडली. रविवारी या म्हटलं मी तिले."

धरमसिंगनं पोरीला भर तांड्यासमोर जवळ घेतलं. रविवारची वाट कोण पाहतो म्हणत नायकानं तेव्हाच सोयरिकीचा गूळ आणायला माणूस पिटाळला.