परतीच्या पाइपातलं फडकं

माझी बायको मला फडकी मोजून द्यायची. बारा. सकाळी शेडवर निघालो की डब्याबरोबर हातात ठेवायची आणि संध्याकाळी बारा परत मागायची. काळी होवोत, तेलानं थबथबलेली असोत, पण बारा पाहिजेत. मग ती सोड्याच्या पाण्यात उकळायची आणि मागच्या तारेवर वाळत घालायची. जुन्या सुती साड्यांची असायची ती. हातरुमालाएवढी फाडून चारी कडांना मशीनवर टीप मारायची, इंजिनात दोरे सुटू नयेत म्हणून.

याला कारण मीच होतो. लग्नाला वर्ष झालं असेल, जेवता जेवता मला आठवलं की ट्रॅक्टरच्या इंजिनात एक फडकं राहिलंय. हात न धुता पळत गेलो आणि बांधलेलं इंजिन परत उघडलं. आम्हा मिस्तरी लोकांची खोडच आहे ती. इंजिन उघडलं की दिसेल त्या भोकात फडकं कोंबायचं, आत धूळ आणि खरवड पडू नये म्हणून. कोंबलेलं काढायचंही असतं. त्या दिवसापासून तिनं मोजणी धरली.

एखादं कमी भरलं की म्हणायची, "अवो, अकराच हायत. एक कुठं ठेवलंत? ते आठवा, मग ताटावर बसा."

मी चिडायचो. एकदा ती शेडवरच आली विचारायला, तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "हिला वाटतं इंजिन म्हंजे परसातली चूल." सगळे हसले. ती हसली नाही. तिनं फडकी मोजली आणि गेली. तिचं बरोबर आहे, असं मी तिला पुढं कधीही बोललो नाही. आता ती नाही. पावसाळ्यात ताप आला, चार दिवस दवाखान्यात होती, पाचव्या दिवशी आणलं ते तसंच.

तेरावं झाल्यावर सुनेनं तिच्या साड्यांचं गाठोडं बांधलं, नणंदा-जावांना वाटायला. कोणी बघत नव्हतं तेव्हा मी त्यातली एक काढून घेतली. हिरवी, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची. ठेवायला म्हणून काढली होती. महिनाभर शेडवरच्या पत्र्याच्या कपाटात होती. मग घरातली फडकी संपली आणि मी ती फाडली. दुकानात पुसायला कापसाचा लोळा मिळतो. तोही आणला नाही. तिचं कापड हातात असेल, असं काहीतरी डोक्यात होतं. कडांना टीप नाही, काही नाही, टराटरा फाडली. किती झाली ते मोजलं नाही.

माझी शेड खालापूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून. घाटात गाड्या बंद पडतात, त्या ओढून आणणारी एक क्रेनची ट्रक आहे खोपोलीच्या एका शेठची. जुनी डिझेल गाडी. मागं भरलेला कंटेनर लावला की चढाला रडते. शेठच्या भाच्यानं मोबाइलवर कुठंतरी बघितलं की एका इंजिनाला दोन टर्बो लावतात, एक लहान, एक मोठा. शेठ गाडी घेऊन आला. बरोबर त्याचा डायवर, कळंबचा. चाळिशीतला माणूस, अकरा वर्षं त्याच गाडीवर.

डायवर म्हणाला, "मिस्तरी, एकीत भागत नाय म्हणून शेठ गाडीला दुसरी करून देतायत." मग त्याला आठवलं की मी कोण आणि मला काय झालंय. त्यानं जीभ चावली. खाली बघत म्हणाला, "चुकलो बाबा."

मी म्हणालो, "बोल रं. गाडीलाच बोललास."

शेठला मी सांगितलं की टर्बो लावणं हे शेवटचं काम. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात जोरानं हवा भरणारा पंखा. हवा वाढली की डिझेल वाढतं आणि ताकदही वाढते. पण म्हाताऱ्या इंजिनाला दाबून खायला घातलं तर ते फुटेल. आधी इंजिन तयार करावं लागेल. टर्बो बसवायला पनवेलहून माणूस येणार होता. तयारी माझ्याकडे.

तीन आठवडे मी तेच केलं. हेड उतरवून पनवेलला फेसिंगला, म्हणजे तळ घासून सपाट करायला पाठवलं. लायनर, पिस्टन, रिंगा नव्या घातल्या, हेडचे नटबोल्ट सगळे बदलले. ऑइल पंप खोलला. रेडिएटर धुतला तर त्यातून चिखल निघाला. काम मन लावून केलं, त्यात खोट नाही. घरी जाऊन भिंतीकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं.

टर्बोचा दांडा तेलावर तरंगतो. वरून बारीक पाइपानं तेल येतं आणि खालच्या जाड पाइपानं आपल्या वजनानं इंजिनात परत उतरतं. दुसऱ्या टर्बोसाठी ही परतीची वाट मी तयार करून ठेवायची होती. इंजिनाच्या बगलेला एक भोक असतं, पत्रा लावून बंद केलेलं. तो पत्रा काढला. सांध्यातून तेल गळू नये म्हणून घातलेलं जुनं गॅस्केट चिकटलं होतं, ते खरवडायचं होतं. खरवड आत पडू नये म्हणून फडकं घेतलं आणि बोटानं आत दाबलं, चांगलं खोल. खरवडलं, पुसलं, नवं गॅस्केट ठेवलं, पाइप बसवला, बोल्ट आवळले.

का विसरलो याला कारण नाही. विसरलो. संध्याकाळी विचारणारं कोणी नव्हतं.

पनवेलच्या माणसानं टर्बो बसवले. आम्ही गाडी चौक गावापर्यंत रिकामी फिरवून आणली. छान पळाली. कापडातून थोडं थोडं तेल उतरत असणार, रिकाम्या गाडीला तेवढं पुरलं. शेठनं पेढे आणले. डायवरला मी सगळ्यांदेखत ताकीद दिली, "गरम गाडी खाडकन बंद करायची नाय. दोन मिनिटं चालू ठेवायची, मग चावी फिरवायची. नायतर टर्बो जळतो."

"ध्यानात ठेवतो, मिस्तरी," तो म्हणाला.

पाचव्या दिवशी गाडी दोरीला बांधून माझ्या दारात आली. लोकांना ओढून आणणारी गाडी, तिला दुसऱ्यानं ओढून आणलं. डायवरच्या दोन्ही तळव्यांना फडकी गुंडाळली होती. तो सांगत होता, चढावर मागं टेंपो होता, पांढरा धूर सुटला आणि इंजिन आपोआप बोंबलायला लागलं. चावी बंद केली तरी थांबेना. स्वतःचंच तेल पिऊन पळत होतं. यानं बोनेट उघडून हवेच्या तोंडावर पोतं धरलं, तर पोतंच आत ओढायला लागलं. मग जॅकखालची फळी लावून दाबून धरली, तेव्हा इंजिन गुदमरून थांबलं. असं बेभान इंजिन फुटलं तर जवळच्या माणसाचं काही उरत नाही. दुसरा कोणी असता तर उडी मारून पळाला असता.

हे मला कळत होतं. तेल परत उतरत नव्हतं म्हणूनच ते टर्बोतून हवेच्या वाटेला गेलं, हेही कळायला पाहिजे होतं. पण आम्ही उभे होतो समोरच्या चहाच्या टपरीवर. तिथं आठ-दहा डायवर बसलेले. शेठनं विचारलं, "मिस्तरी, झालं काय?"

आणि इंजिनाला हातही न लावता मी म्हणालो, "काय व्हायचं? गरम गाडी खाडकन बंद केली असणार यानं. सांगून सांगून थकलो."

डायवर म्हणाला, "आईची शपथ, एकदा पण नाय केली."

"मग काय माझ्या इंजिनानं स्वतःहून केलं?"

टपरीवरचा एकजण हसला. म्हणाला, "अकरा वर्षं गाडी चालवली, पण बंद करायची अक्कल नाय आली." डायवरनं माझ्याकडे बघितलं. शेठनं तिथंच त्याच्याकडून चावी घेतली. भाजलेल्या हातांनी त्याला खिशातून चावी काढता येईना, तर शेठनंच खिशात हात घातला.

दोन दिवसांनी मी परतीचा पाइप खोलला. चिमट्यानं ओढलं तर हिरवं कापड आलं. तेलानं काळं झालेलं, पण कडेला दोन-तीन ठिपके शाबूत होते. दोरे लोंबत होते. मी ते तोंडाजवळ नेलं, का ते विचारू नका. नुसत्या जळक्या तेलाचा वास. खिशात घातलं. पनवेलच्या माणसाला फोन केला की टर्बो जळला, दुसरा पाठव. शेठला काही सांगितलं नाही.

सगळा पावसाळ्याअगोदरचा उन्हाळा मी गप्प बसलो. गाडीवर नवा डायवर आला. येता-जाता हॉर्न द्यायचा, मी हात वर करायचो. फडकं घरी आणून सोड्याच्या पाण्यात उकळलं. निघेल तेवढा काळेपणा निघाला. तारेवर टाकलं तर सून म्हणाली, "बाबा, ही आईंची साडी?" मी म्हणालो, "हो." तिनं पुढं विचारलं नाही. ती विचारती तर मी तिलाही खोटं सांगितलं असतं.

वर्षश्राद्धाला कावळा लवकर शिवेना. लोक मला म्हणायला लागले, तिची काही इच्छा राहिली असेल, बोला. भाऊ म्हणाला, नातवंडांना सांभाळतो म्हणा. मेव्हणे म्हणाले, घर नीट ठेवतो म्हणा. मी पुढं झालो आणि मनात म्हणालो, एक फडकं राहिलं होतं गं, तुला सांगितलं नाही. कावळा आला का नाही ते मी बघितलं नाही. चपला घालून बाजूला झालो.

दुसऱ्या दिवशी कर्जतला जाऊन कळंबची रिक्षा धरली. डायवर घरीच होता. आता एका रिसॉर्टचं सामान आणायला टेंपो चालवतो. बायकोनं पाणी दिलं, चहा ठेवला. मी फडकं त्याच्यासमोर खाटेवर ठेवलं आणि सांगितलं. सगळं, ओळीनं.

त्यानं फडकं उलटून बघितलं. मग म्हणाला, "कधी सापडलं?"

"दोन दिवसांनी."

"दोन दिवसांनी." त्यानं बायकोला हाक मारली. "चहा नको करूस गं. मिस्तरी निघालेत."

मी उठलो नाही. म्हणालो, "शेठकडे जातो. तुला परत गाडीवर घ्यायला लावतो."

"मला नको त्याची गाडी. त्यानं माझ्या खिशात हात घातलाय." तळवे त्यानं मांडीवर उलटे ठेवले होते. "तुमी मला शेठजवळ नाय बोललात. टपरीवर बोललात. लोक बसलेले. आमच्या गावच्या रिक्षावाल्यांपर्यंत गेलं ते. माझा मेव्हणा मला अजून म्हणतो, दाजी, गाडी बंद केली ना नीट? तिथं बोला जाऊन."

"बोलतो."

"मी असताना."

आम्ही एकाच रिक्षानं कर्जतला आलो आणि तिथून एसटीनं पुढं. टपरीवर दुपारच्या चहाला तेच लोक होते, एखाद-दुसरा कमी-जास्त. हसलेला माणूसही होता. मी बसलो नाही. चाळीस वर्षं त्या टपरीवर मी बोललो की लोक ऐकून घेतात, इंजिनाबद्दल तर नक्कीच. फडकं बाकावर ठेवलं.

"हे माझ्या बायकोच्या साडीचं," मी म्हणालो. "क्रेनच्या इंजिनात मी विसरलो. टर्बो यामुळं गेला. याची काय चूक नव्हती. यानं फळी लावून इंजिन वाचवलं. मी खोटं बोललो, आणि सापडल्यावर लपवलं."

चहावाला ग्लास विसळायचा थांबला. मग एक म्हातारा डायवर हळूच म्हणाला, "मिस्तरी, बसा तरी."

हसलेला माणूस डायवरला म्हणाला, "चहा घे रं."

"नको," तो म्हणाला. "रिसॉर्टला भाजी पोचवायचीय." मला नमस्कारही न करता रस्ता ओलांडून एसटीला हात दाखवायला उभा राहिला. एसटी यायला वेळ लागला. तोवर मी इकडे उभा, तो तिकडे. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, आणि बघावं असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

शेठनं गाडी माझ्याकडून काढून घेतली, ते बरोबरच केलं. इतर कामं येतात, कमी येतात. साडीचं जे उरलं होतं त्याला सुनेकडून टीप मारून घेतली. बारा भरली नाहीत, नऊच झाली. दहावं ते, उकळलेलं. ते मी वापरत नाही, पण संध्याकाळी मोजताना त्यांच्यातच मोजतो. मोठ्यानं मोजतो. समोरून टपरीवाले बघतात, ते बघू देत.