मूठ सोडून किक

माझा धाकटा भाऊ मंगळवारी ऑफिसात वारला. संध्याकाळी त्याची कंपनीची बॅग घरी आली.

रविवारी मातीच्या ट्रॅकवर पळवायची त्याची मोटारसायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार महिने तशीच उभी होती. मग फलकावर सूचना लागली : ‘बंद वाहने या रविवारपर्यंत हलवावीत, अन्यथा भंगारात देण्यात येतील. भावनिक कारणे सांगू नयेत.’

माझी भावजय म्हणाली, “ताई, ती जायला नको.” त्या चार महिन्यांत तिने मागितलेली ही एकच गोष्ट.

मी खडकीहून भावाच्या ओळखीचा मेकॅनिक आणला. त्याने कार्बोरेटर उघडून दाखवला. पेट्रोल आटून तळाशी चिकटा बसला होता आणि पेट्रोल आत सोडणारी केसाएवढ्या भोकाची पितळी जेट बुजली होती. त्याने ती साफ केली, प्लग बदलला, ताजं पेट्रोल घातलं. गाडी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वीसेक किका मारल्या. काही नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. फोन केला तर तो म्हणाला, “उद्या सकाळी गार असताना मी येतो. हात लावू नका.”

तो शनिवार होता. “मारा बघू तुम्ही,” तो म्हणाला. मी चोक ओढला आणि किक मारली.

“ताई, तुमचा उजवा हात काय करतोय?”

अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळत होता. माझी स्कूटर मी कित्येक वर्षं तशीच सुरू करत आले होते.

“चोक ओढला की मूठ बंदच ठेवायची. पिळली की नुसती हवा आत जाते, मग चोकचा काय उपयोग? साहेबांनी सांगितलं नाही कधी?”

सांगितलं होतं. एकदा मी हौसेने किक मारायला गेले तेव्हा भाऊ म्हणाला होता, “ताई, पुस्तक धरतेस तसं धर. पिळू नकोस.” मला ती माझ्या वाचनाची थट्टा वाटली होती. मी रागावून वर निघून गेले होते.

मी बोटं सैल सोडली. तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. भावजय जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत आली आणि तिथेच बसली.

रविवारी सेक्रेटरींसमोर पुन्हा किक मारली. “चालू आहे म्हणायची,” ते म्हणाले. “आता आवाजाबद्दल सूचना लावावी लागेल.”

अजूनही दर रविवारी सकाळी मी ती दहा मिनिटं चालू ठेवते. मग पेट्रोलचा कॉक बंद करते आणि कार्बोरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप थांबेपर्यंत तिथे उभी राहते. ट्रॅकवर ती कोणी नेत नाही.