मामंजींचं खाकरणं

लग्न होऊन पुसेगावात आले तेव्हापासून चौदा वर्षं मी सासऱ्यांशी एक शब्द बोलले नव्हते, आणि तेही माझ्याशी नाही. भांडण नव्हतं, आमच्या घरची रीतच तशी. ते दारात येऊन दोनदा खाकरायचे, मी डोक्यावर पदर घेऊन आत सरकायचे, मग ते पाऊल आत टाकायचे. चहा हवा असला की भिंतीकडे बघून म्हणायचे, "चहा टाका म्हणावं." भिंत काही चहा करत नसे, पण चहा मिळे.

हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. ऐन सोयाबीनच्या काढणीत मामंजींना न्यूमोनिया झाला. जीपमध्ये घालून हिंगोलीच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं, तिथून थेट आयसीयूत. आत एकच नातेवाईक थांबेल, असा सिस्टरचा हुकूम. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. नवरा आत गेला आणि नळ्या बघून दारातच मटकन खाली बसला. सुई दिसली तरी ज्याला घाम फुटतो, तो काय थांबणार? त्याला औषधं आणायला पिटाळलं आणि मी आत गेले.

मला बघताच मामंजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

छातीत कफ साठला होता. सिस्टर येऊन पाठ थोपटायच्या आणि म्हणायच्या, "आजोबा, खोकला काढा, जोरात." ते घशातल्या घशात कण्हायचे आणि थांबायचे. सुनेसमोर बेडका काढायचा, तोही उघड्या छातीनं! जीव गेला तरी बेहत्तर, असा त्यांचा चेहरा. मीही रीत सोडली नाही. सलाईनच्या स्टँडकडे बघून सांगितलं, "खोकला काढा म्हणावं." स्टँडनंही ऐकलं नाही.

दुपारी डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत कफ सुटला नाही तर श्वासाची नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. या वयात मशीनवर गेलं की परतणं अवघड असतं."

मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा राग जास्त आला. त्यांच्यावर आला, माझ्यावरही आला. हा माणूस माझ्या लाजेपायी मरणार असेल तर त्या मानमर्यादेला काय चाटायचंय? पदर कमरेला खोचला आणि पलंगाला वळसा घालून त्यांच्या तोंडासमोर उभी राहिले.

"मामंजी, मला बघायचं न्हाई ना? नका बघू. मी त्या पडद्यामागं जाऊन राहिले. तुमी शेतातून आले, दारात उभे हाव. आता खाकरा. खाकरल्याबिगर मी काही सरकत न्हाई."

सिस्टर थुंकीचं भांडं हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या. मी हिरव्या पडद्यामागे गेले. थोडा वेळ नुसता ऑक्सिजनचा फुसफुसाट. मग एक बारीकसं, सवयीचं खाकरणं आलं.

"ऐकू न्हाई आलं. अजून एकदा!"

परत आलं, जरासं मोठं.

"अजून एकदा! मी चुलीपाशी हाय!"

पाचव्यांदा छातीच्या तळातून असा खोकला उठला की शेजारच्या पलंगावरची म्हातारी दचकून जागी झाली. "आलं, आलं!" सिस्टर ओरडल्या. मी पडदा सारला, त्यांच्या हातातलं भांडं घेतलं आणि दुसरा हात मामंजींच्या पाठीवर ठेवला. पाठीची हाडं हाताला लागली. मला रडू आलं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

धाप ओसरल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "दमली व्हय, पोरी? बस आता."

संध्याकाळपर्यंत आमचं हे घरात येणं पाच-सहा वेळा झालं. नळी घालावी लागली नाही. आठव्या दिवशी आम्ही त्यांना घेऊन गावी आलो.

घरी आल्यावर रीत पुन्हा सुरू झाली. ते दारात येऊन खाकरायचे, मी पदर घेऊन आत सरकायचे. पण सरकता सरकता कान त्या आवाजाकडे असायचा, कोरडा आहे की ओला. जरा घरघर वाटली की मी चुलीपासून हुकूम सोडायचे, "अजून एकदा!"

आणि ज्यांच्यापुढे गावातली माणसं आवाज चढवत नसत, ते माझे मामंजी उंबऱ्याबाहेर उभे राहून मुकाट्यानं पुन्हा खाकरायचे.