दुसरी सुई

नवऱ्याची बदली कोलकात्याला झाली आणि मी सियालदहजवळच्या एका लॅबमध्ये गाठींतल्या पेशी तपासायला लागले. त्या बाईंशी माझं पहिल्याच मिनिटाला वाजलं. बराकपूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, कानाखालच्या लाळग्रंथीवर लिंबाएवढी सूज, तरी तोंडाचा पट्टा चालूच. गाडीत बसायला मिळालं नाही, खुर्ची मोडकी आहे, आणि मी बाहेरून येऊन साधं बांगला का बोलत नाही. मी म्हणाले, "मुँह बंद रखिए, सुई डाल रही हूँ." त्या गप्प झाल्या, पण डोळ्यांनी भांडतच राहिल्या. मला त्या अजिबात आवडल्या नाहीत. आजही आवडत नाहीत.

सुईतून चिकट पाणी आलं आणि सूज बसली. अशा वेळी तिथेच पुन्हा बोटांनी चाचपायचं आणि उरलेल्या घट्ट भागात दुसरी सुई घालायची, कारण वाईट पेशी पाण्यात सापडत नाहीत, काठाला दडून असतात. हे मी नव्या डॉक्टरांकडून घोकून घेते. त्या दिवशी मला फक्त ही ब्याद टळायला हवी होती. कापूस दाबला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

स्लाइडवर नुसता चिकट स्राव, पेशी जवळजवळ नाहीतच. 'नमुना अपुरा, पुन्हा तपासा' असं लिहायला हवं होतं. म्हणजे पुन्हा तीच बाई, तीच कटकट. मी लिहिलं: साधी पाण्याची गाठ, कर्करोगाच्या पेशी नाहीत.

चार महिन्यांनी त्या परत आल्या. गाठ आता टणक होती आणि बोलताना ओठ एका बाजूला ओढला जात होता. माझा रिपोर्ट त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून आणला होता. या वेळी त्या भांडल्या नाहीत, आणि त्याचाही मला रागच आला.

सुई घातली, स्लाइड तिथेच रंगवली. मायक्रोस्कोपला डोळा लावताच कळलं. मला स्वतःची किळस आली. बाहेर जाऊन त्यांच्यासमोर बसले.

"कैंसर है. पिछली रिपोर्ट गलत थी. उस दिन दूसरी सुई डालनी थी, मैंने नहीं डाली."

"क्यों?"

"आप पर गुस्सा थी."

त्यांनी पिशवी घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"आज सुई में कितना टाइम लगा?"

"आधा मिनट."

"उस दिन भी उतना ही लगता?"

"हाँ," मी म्हणाले.