सतरा फुटी नाव, आठ फुटी हौदा

ज्या गावाला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्या गावात राहून माझ्या लेकीनं नाव चालवायचं मनात घेतलं. नाव म्हणजे कयाक. फायबरची, सतरा फूट लांब, आत कसंबसं एकच माणूस मावणारी. सराव कुठं, तर चाकूर रोडच्या एका शेततळ्यात. दहा वल्ही मारली की काठ यायचा आणि वळावं लागायचं. उन्हाळ्यात तळं आटलं की ही अंगणात नाव ठेवून आत बसायची आणि कोरड्यातच हात मारायची. शेजारी विचारायचे, सर, पोरगी बरी हाय ना. मी म्हणायचो, हाव, व्यायाम करायलीय.

मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. बारावीच्या वर्षी भूकंपात आमचं घर गेलं आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये बसून अभ्यास केला. तेव्हापासून भिंत, छप्पर कशाचाच मला भरवसा वाटत नाही. मेडिकलची सीट तेवढी पक्की वाटते. ती मला मिळाली नाही, म्हणून गेली वीस-बावीस वर्षं मी ती दुसऱ्यांच्या लेकरांना मिळवून देतोय. आणि माझ्याच लेकीला ती थोडक्यात हुकली. दिव्याखाली अंधार म्हणतात ते हेच.

तिला आता वर्षभर नावच चालवायची होती. मला तिला रिपीटर बॅचला बसवायचं होतं. शेवटी ठरलं ते असं: नांदेडला विष्णुपुरीच्या धरणावर निवड चाचणी होती. त्यात पहिल्या तिघींत आली तर शिबिराला जायचं, नाहीतर सोमवारी सकाळी गुमान बॅचला यायचं. मी मोठ्या मनानं हो म्हणालो. मोठं मन कसलं, पहिल्या बाकावर तिची जागा मी आधीच धरून ठेवली होती, एसटीत रुमाल टाकून धरतात तशी.

नाव न्यायला औशाचे एक चाचा पिकअप घेऊन आले. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. हंगामात टोमॅटो न्यायचे, बाकी वेळी कडबा. पिकअपचा हौदा आठ-नऊ फुटांचा, नाव सतरा फुटांची. म्हणजे मागचा फाळका पाडायचा आणि अर्धी नाव बाहेर लोंबू द्यायची. चाचांनी एकदा नावेभोवती चक्कर मारली आणि त्यांचं ठरलं. नाक पुढं आवळायचं, शेपूट मागं आवळायचं, मग वरून दोन आडव्या दोऱ्या, मागच्या टोकाला लाल फडकं, आणि चार-पाच किलोमीटरवर उतरून दोऱ्या परत ओढायच्या. कडबा असाच नेतो म्हणाले.

इथं माझ्यातला मास्तर जागा झाला. मी त्यांना सांगितलं की कडब्याची गोष्ट वेगळी, ही बारा किलोची वस्तू आहे, हिचा गुरुत्वमध्य सापडला की तिथं एक दोरी बस्स. नाकाशेपटाला दोऱ्या आवळल्या तर उलट ताण येऊन फायबर तडकेल. बाकीचं काम घर्षण करतं. पोरगी म्हणाली, चाचांचं ऐका. मी खडूनं हौद्याच्या पत्र्यावर बाण काढून दाखवले. चाचा म्हणाले, "सर, तुमी शिकलेले मानूस. पर दोरीला शाळा नसतीय."

मी हसलो आणि मधोमध एकच दोरी बांधायला लावली. शिवाय नावेला खरचटू नये म्हणून खाली अंथरायला क्लासचा जुना फ्लेक्स आणला. लातुरात कुणाच्याही शेडवर, गंजीवर पाहा, कुठल्या ना कुठल्या क्लासचे गुणवंत उन्हात वाळत असतात. चाचा म्हणाले, उलटा टाका, मागची बाजू खरखरीत हाय. पण गुणवंतांची तोंडं पालथी कशी घालायची? तेही निकालाच्या दिवसांत? माझं मन धजेना. म्हणून गुळगुळीत बाजू वर ठेवली आणि नाव त्यांच्या तोंडावर आडवी केली, त्याचं मला काही वाटलं नाही. पोरीनं आदल्या दिवशी पाण्यात सरसर जावी म्हणून नावेचं बूड मेण लावून चकाचक घासलं होतं. खाली प्लास्टिक, वर मेण, आणि मधे माझं घर्षण.

अहमदपूर सोडलं तेव्हा मी चाचांना जडत्वाचा नियम समजावत होतो. चाचा शांतपणे हं, हं करत होते. पोरगी मधे बसून आरशात बघत होती. एक दांडगा गतिरोधक आला, गाडी उडाली, पुढं चढ होता म्हणून चाचांनी जोर दिला, आणि पोरगी किंचाळली. मी मागं वळून पाहिलं. दोरी जिथल्या तिथं होती, गुणवंत जिथल्या तिथं होते. नाव मागं रस्त्यावर पडली होती.

इथं एक गोष्ट कबूल करतो, आजवर कुणाला सांगितली नाही. नाव डांबरावर पडलेली दिसली तेव्हा काळजात धस्स व्हायच्या आधी मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. म्हटलं, संपलं, सोमवारी पोरगी बॅचला. आणि लगेच स्वतःची इतकी लाज वाटली की गाडीतून उतरताना दाराला डोकं आपटलं.

शेपटाला वीतभर चीर गेली होती. चाचांनी 'मी म्हटलं नव्हतं का' असं एका शब्दानंही म्हटलं नाही. खांद्यावरच्या गमछ्यानं नाव पुसली आणि म्हणाले, लोह्यात कूलरच्या फायबर बॉडीला पॅच मारणारा एक मिस्त्री हाय, चाचणी दुपारची हाय ना, हुतंय. मिस्त्रीनं आयुष्यात नाव पाहिली नव्हती, पण फायबर ते फायबर. त्यानं चीर घासली, जाळी लावली, वर केमिकल ओतलं आणि नाव उन्हात वाळत ठेवली.

तिथं दुकानाबाहेर पोरगी माझ्याजवळ आली. डोळे लाल. हळूच विचारलं, "पप्पा, खरं सांगा. तुम्ही मुद्दाम केलं का?"

आली का पंचाईत. आपण लबाड नाही हे सिद्ध करायचं, तर आपण मूर्ख आहोत हे सिद्ध करावं लागणार होतं. वीस-बावीस वर्षांत कुठल्याही वर्गापुढं केलं नाही ते मी लोह्याच्या रस्त्यावर केलं. तिला सगळं सांगितलं: घर्षण धरताना मी प्लास्टिक धरलं नाही, मेण धरलं नाही, धक्का बसला की वजन क्षणभर उचललं जातं हे धरलं नाही, आणि चाचांना तर मोजलंच नाही. तिनं ऐकून घेतलं. बरं म्हणाली. पण पुढं चाचा नाव बांधायला लागले तेव्हा मी दोरीचं एक टोक धरायला गेलो, तर तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही पुढं बसा.

मी पुढं बसलो. चाचांनी नाक आवळलं, शेपूट आवळलं. फायबर कुठं तडकलं नाही. दर चार-पाच किलोमीटरवर दोघं उतरून दोऱ्या ओढायचे आणि मी शिक्षा झालेल्या पोरासारखा सीटवर बसून राहायचो. नांदेडपर्यंत नाव बोटभर हलली नाही.

धरणावर मुलींच्या नावा ओळीनं पाण्यात उभ्या राहिल्या. तिच्या नावेच्या शेपटाला कूलरच्या रंगाचा हिरवा पॅच, लांबूनही दिसणारा. शिट्टी झाली. ती पुढं वाकून वल्हं मारायला लागली आणि मला तिचा चेहरा दिसला. अंगणात नाव चालवताना हा चेहरा नव्हता. परीक्षेच्या हॉलमध्ये मी हजारदा पाहिलाय तो, लेकरं वेळ संपत आल्यावर करतात तसा. मला बघवेना. मी बाजूला जाऊन क्लासच्या ऑफिसात फोन केला, माझ्या मुलीची जागा सोडा म्हणालो, कुणालाही द्या. ऑफिसातल्या मॅडमनी विचारलं, सिलेक्शन झालं का सर? मी म्हणालो, न्हाई, अजून शर्यत चालूच हाय.

ती चौथी आली. अर्ध्या नावेच्या फरकानं.

रडली नाही. नाव पुसली, चाचांसोबत बांधली, गाडीत येऊन बसली. लोहा मागं पडलं. मग समोर बघत तिनं विचारलं, सोमवारी बॅच किती वाजता.

मी म्हणालो, बॅच नाही, तुझी जागा मी सोडलीय. नांदेडला धरणाजवळ राहा आणि वर्षभर सराव कर. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि कधी सोडली म्हणून विचारलं. तू पाण्यात असताना, मी म्हणालो. निकालाच्या आधी.

तेव्हा ती रडली. चाचांनी गाडीचा वेग कमी केला. बऱ्याच वेळानं ओढणीनं तोंड पुसून ती म्हणाली, "हे सकाळी लातूरलाच सांगितलं असतं ना पप्पा, तर मी भिऊन वल्हं मारलं नसतं."