अकरा शेंगांचं पुस्तक

"अहो, आपण करून दाखवा ना." एवढं म्हणून बाई चष्मा काढायच्या, उठून उभ्या राहायच्या आणि रिकाम्या खुर्चीकडे हात करायच्या, व्याह्यांना पाटावर बसवावं इतक्या अदबीनं. त्या खुर्चीत बसलेला माणूस पाच मिनिटांत घाम पुसत उठायचा. तुमच्याही ऑफिसात अशा एक बाई असतील. असल्या तर त्यांच्या कामाला नावं ठेवण्याआधी जरा विचार करा. आमच्या साहेबांनी तो केला नव्हता.

धायरीत, स्टीलची कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी कंपनी होती. आयटीची लाट आली तेव्हा तीत पाय तरी ओले करून घेऊ म्हणून निघालेल्यांपैकी एक. कॉलेजांची ई-पुस्तकं सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही विकायचो. मी प्रोग्रामर होतो आणि बाई नोंदी करायच्या. पुस्तकाचं नाव, लेखक, विषय, साल असं सगळं भरायचं आणि 'सेव्ह' दाबायचं. त्याला आम्ही ऐटीत मेटाडेटा म्हणायचो. बाईंनी वीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात कार्डांचे खण सांभाळले होते. त्या म्हणायच्या, "मेटाडेटा कसला डोंबलाचा? पुस्तकाचं कार्ड आहे ते."

सेव्ह दाबलं की पडद्यावर एक गोल चक्र फिरायला लागायचं. ते थांबेपर्यंत दुसरं काही करता यायचं नाही आणि बाईंना रिकामं बसवायचं नाही. थंडीच्या दिवसांत त्या मटार घेऊन यायच्या. चक्र फिरलं की मांडीवरच्या पातेल्यात शेंगा सोलायच्या, थांबलं की पुढची नोंद. संध्याकाळपर्यंत किलोभर सहज व्हायचे.

एक दिवस साहेबांनी ते पातेलं पाहिलं. बाईंची नेमणूक सहा-सहा महिन्यांची असायची आणि मुदत संपायला एकच महिना राहिला होता. साहेबांनी फॉर्मवर शेरा मारला : 'हात मंद. कामाच्या वेळात मटार सोलतात. मुदत वाढवू नये.' शेरा लिहिण्याआधी त्यांनी मला विचारलं होतं, "काय हो, सॉफ्टवेअर नीट चालतंय ना?"

मी म्हणालो, "हो सर."

ते सेव्ह मी लिहिलं होतं. मंद काय आहे हे त्या इमारतीत मला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि मी मान खाली घालून बसलो.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. रडल्या वगैरे नाहीत. "छप्पन साली, दीक्षेच्या वर्षी, माझे आजोबा चाळिशीत पाटी घेऊन बसले, सही शिकायला," त्या म्हणाल्या. "त्यांची नात मी. माझ्या कागदावर हा 'हात मंद' लिहितो? याला मी सोडणार नाही." आवाज अगदी नेहमीचा होता.

दुसऱ्या दिवसापासून मटार आले तसेच, पण सोबत एक वहीही आली. आठवड्यानं बाईंनी ती माझ्यापुढे उघडली. "हे बघा. बारकं पुस्तक, सगळे रकाने भरले : तीन शेंगा. हे नकाशांचं जाडजूड पुस्तक, सालातला फक्त एक आकडा बदलला : अकरा शेंगा. आता सांगा, जास्त काम मी कुठं केलं?"

मी वहीतले आकडे पुन्हा वरपासून वाचू लागलो.

"कार्डावरचा आकडा बदलायला आम्ही पुस्तकाची शिवण उसवून ते परत बांधत नव्हतो हो. तुमचं हे चक्र तेच करतंय ना?"

तेच करत होतं. एवढासा बदल केला तरी माझा प्रोग्राम अख्खी फाइल उघडायचा आणि चित्रांसकट पहिल्यापासून पुन्हा लिहून काढायचा. खरं तर नोंद लगेच यादीत घ्यायची आणि फाइलमध्ये घालायचं काम पुस्तक बाहेर पाठवताना करायचं, एवढंच हवं होतं.

"दुरुस्तीला किती दिवस?"

"दोन."

"आणि ठाऊक कधीपासून आहे?"

"वर्ष झालं असेल." साहेबांना नवी रंगीत बटणं हवी होती आणि मला साहेब खूश हवे होते.

बाईंनी वही मिटली. "मग आता आणखी चार दिवस हात लावू नका. वाघोलीची मंडळी येऊन जाऊ देत."

वाघोलीच्या एका कॉलेजचे प्राचार्य सॉफ्टवेअर बघायला येणार होते. ते आले, आमचे मालकही आले. प्राचार्यांनी विचारलं, "एका नोंदीला वेळ किती लागतो?" साहेब हसून म्हणाले, "सॉफ्टवेअर विजेसारखं आहे सर. माणसं मंद असतात."

बाईंनी चष्मा काढला. "अहो साहेब, आपण करून दाखवा ना."

पाहुण्यांदेखत नाही कसं म्हणणार? साहेब बसले. बाईंनी नकाशांचं पुस्तक काढून दिलं. साहेबांनी एक आकडा बदलला, सेव्ह दाबलं आणि चक्र फिरू लागलं. प्राचार्य घड्याळ बघू लागले. बाईंनी मटारांचं पातेलं अलगद साहेबांपुढे ठेवलं. "घ्या. अकरा होतात. मी मोजल्यात."

मालक पातेल्याकडे बघत राहिले. साहेबांनी गोंधळून खरोखरच एक शेंग उचलली. बाईंनी त्यांच्याकडून अशी पाच पुस्तकं करून घेतली. मला इतका आनंद झाला होता की आपणही त्याच पंगतीतले आहोत हे मी विसरलो.

दोन दिवसांत मी दुरुस्ती केली. आता एक शेंग धड उघडायच्या आत नोंद सेव्ह होऊ लागली. मालकांनी बाईंची मुदत वाढवली. बाईंनी एकच अट घातली : साहेबांनी त्याच फॉर्मवर स्वतःच्या हातानं लिहायचं, 'हात मंद नव्हते. सॉफ्टवेअर मंद होते.' साहेबांनी लिहिलं. बाई म्हणाल्या, "अक्षर लागत नाही. परत लिहा." असं तीनदा झालं. मग तो कागद पिशवीत घालून त्यांनी राजीनामा पुढे केला.

त्यांना गाठायला मी जिन्यापर्यंत गेलो. म्हणालो, "बाई, मी तेव्हाच बोलायला हवं होतं. माफ करा."

"नाही," बाई म्हणाल्या. "साहेबांना ठाऊक नव्हतं, तुम्हाला ठाऊक होतं. त्यांना शिक्षा झाली, ते सुटले. तुम्हाला माफ केलं तर तुम्हीही सुटाल." आणि कठड्याला धरून त्या सावकाश जिना उतरून गेल्या.

पुढे बाई वारल्या. मला ते फार उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात आमच्या आताच्या ऑफिसात नोंदी करणाऱ्या एका गृहस्थांना वरिष्ठांनी सगळ्यांसमोर मंद म्हटलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मंद प्रोग्राम आहे, आणि तो मी लिहिलाय." माझी बढती गेली. ते गृहस्थ डोळ्यांत पाणी आणून मला देवमाणूस म्हणायला लागले. मी त्यांना तिथंच थांबवलं. देवमाणूस वगैरे काही नाही, म्हटलं. मला एक माफी मिळालेली नाही, एवढंच.