दोन्ही डावे

परवा गोरखपुरात वेल्डिंगच्या दुकानावरून जाताना कार्बाइडचा उग्र वास आला अन् जुना राग जसाच्या तसा डोक्यात चढला.

ह्यांनी अंगणात स्वतःच्या हातानं छोटी मोटार बांधायला घेतली होती. त्या दिवशी पुढची चाकं धरणारे दोन लोखंडी त्रिकोण कार्बाइडच्या गॅसवर जोडणं चाललं होतं. मी शिवणकाम करणारी. दुसऱ्या त्रिकोणाचा कान, म्हणजे बोल्ट अडकवायची पट्टी, तोही पहिल्यासारखाच, त्याच अंगाला ठेवलेला मला लगेच दिसला.

"अहो, हा पलीकडून जोडा. बाह्या अशा कापल्या तर दोन्ही डाव्याच निघतात."

"ब्लाउज शिवून राहिलो का मी? तू फक्त धर."

मी धरलं. चिंधीतून हात भाजत होता, तरी सोडलं नाही. संध्याकाळी तो त्रिकोण उजवीकडे बसेचना. ह्यांनी हातोडा आपटला.

"दिसत होतं, तर पुन्हा काहून नाही बोलली?"

"तुम्हीच म्हणाले ना, फक्त धर."

आता बाहीचं दुसरं कापड उलटताना मी दर वेळी मोठ्यानं बोलते, "अहो, असं!" हे गेल्यापासून घरात ऐकायला कोणी नाही.